सयाजीगंजची ताटे आणि आपली पंक्त



मुलगा वडोदऱ्यास शिकावयास निघाला की घरच्या माउलीचा पहिला प्रश्न विद्यापीठाविषयी नसतो. "फादर, तिथे तो जेवेल कुठे?" हे ती आधी विचारते. प्रश्न साधा असला तरी हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या प्रभूने आपला पहिला चमत्कार लग्नाच्या जेवणात केला आणि आपली अखेरची रात्रही शिष्यांसमवेत पंक्तीस बसून आरंभिली, त्याच्या अनुयायांनी ताटाला क्षुल्लक समजू नये. म्हणून वडोदऱ्याच्या सयाजीगंज भागातील निरनिराळ्या खानपानगृहांत जेवून आमचे जे मत झाले, ते आज कोणाची भीड न धरता येथे मांडीत आहोत.

वडोदरा स्थानकाच्या पूर्वेच्या बाजूने बाहेर पडले की सयाजीगंज लागते. नाव अर्थातच महाराजा सयाजीराव गायकवाड तिसरे यांचे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात १८६३ साली जन्मलेला शेतकऱ्याचा हा मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन गादीवर आला आणि १९३९ पर्यंत त्याने राज्य केले. विश्वामित्रीच्या काठची कमाटी बाग त्यांनीच १८७९ मध्ये लोकांसाठी खुली केली; त्यांच्या नावाचे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले. स्थानक, विद्यापीठ आणि बाग अशी तिन्ही हाताशी असल्यामुळे प्रवासी, विद्यार्थी आणि मुलाबाळांसह हिंडावयास आलेली कुटुंबे येथे सदैव असतात, आणि या सर्वांना भूक लागते. त्यामुळे हातगाडीपासून थंडगार हवेच्या दालनापर्यंत सर्व तऱ्हेची अन्नगृहे येथे एकमेकांस खेटून उभी आहेत.

आरंभ गरिबाच्या ताटापासून करू. वडोदऱ्याची सेव-उसळ आपल्या मिसळीची सख्खी बहीण वाटावी अशी आहे. वाटाण्याची पातळ उसळ, वर शेवेचा ढीग, कांद्याची हिरवी पात, जोडीला पाव, आणि तिखटाची हौस असेल त्याच्यासाठी तर्री निराळी. गरम गरम समोर येते, पोट भरते आणि खिसा फारसा हलका होत नाही. गायकवाडांच्या मागोमाग येऊन येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे या शहरात पुष्कळ आहेत. त्यामुळे या वाटीपुढे मराठी माणसास परके वाटत नाही. आमचे प्रांजळ मत असे की, सयाजीगंजात पैशाचा पुरेपूर मोबदला या वाटीइतका दुसरे कोणी देत नाही. मात्र ताटल्या कोणत्या पाण्यात विसळल्या जातात, हे एकवार डोळ्यांनी पाहूनच उभे राहावे.

दुसरी गुजराती थाळी. फरसाण, दोन-तीन भाज्या, कठोळ, डाळ, कढी, फुलके, खिचडी, एखादे मिष्टान्न, आणि अखेरीस ताक. वाढपी इतक्या आग्रहाने वाढतो की लग्नघरातल्या मामाची आठवण व्हावी. सुक्या बोंबलाच्या चटणीवर वाढलेल्या आपल्या जिभेला गुळाची डाळ पहिल्या दिवशी गोड लागते, दुसऱ्या दिवशी फारच गोड लागते, आणि तिसऱ्या दिवशी सवयीची होते. शुक्रवारी मांस वर्ज्य करणाऱ्यास तर याहून सोयीची जागा विरळा! पण या थाळीत एक मोह दडलेला आहे. एकदा ठरावीक रक्कम भरली की कितीही खा, असा तिचा नियम असल्यामुळे माणूस भुकेच्या मापाने न खाता पैशाच्या मापाने खावयास लागतो. मग अर्धी पुरी, अर्धी वाटी बासुंदी ताटातच राहते. पाच हजारांना तृप्त केल्यावरही प्रभूने उरलेले तुकडे गोळा करावयास लावले होते, हे आपण विसरतो. आग्रह वाढप्याने करावा. हात मात्र आपण आडवा धरावा.

तिसरा प्रकार थंड हवेच्या, मंद दिव्यांच्या उपाहारगृहांचा. येथील पत्रिका आपल्या वहीखात्याएवढी जाड असते. पनीरचे दहा पदार्थ दहा नावांनी लिहिलेले असतात. मागवून पाहावेत तर दहांतील आठ एकाच तांबड्या रश्श्यातून उपसलेले निघतात. सारेच असे नाहीत. पण जेथे पत्रिका लांबलचक, तेथे स्वयंपाकघर बहुधा एकाच पातेल्याचे, असा आमचा अनुभव आहे. त्यापेक्षा चारच पदार्थ करणारा, पण ते मनापासून करणारा गाडीवाला आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो.

सायंकाळी अंड्यांच्या लाऱ्यांभोवती विद्यार्थ्यांची दाटी होते. तव्यावर लोणी, कांदा, हिरवी मिरची यांचा वास सुटला की अभ्यास विसरावा! २०२१ च्या नोव्हेंबरात, मांसाहारी पदार्थ रस्त्यावर उघडे मांडू नयेत, ते झाकून ठेवावेत, असा तोंडी हुकूम येथील महापालिकेच्या एका पदाधिकाऱ्याने दिला होता आणि त्यावर बराच वादविवाद झाला. स्वच्छतेसाठी झाकावयाचे, तर ढोकळाही झाकावा आणि आमलेटही झाकावे. याबद्दल कोणाचे दुमत नसावे. पण शेजाऱ्याच्या अन्नाकडे पाहूनच आपण विटाळतो, अशी भावना त्यामागे असेल, तर ती गोष्ट वेगळी. तिच्याकडे आम्ही पुढे वळणारच आहोत.

तत्पूर्वी व्यवहाराच्या दोन गोष्टी. बिल हाती आले की ते वाचावे. 'सेवाशुल्क' म्हणून परस्पर लावलेली रक्कम देणे बंधनकारक नाही. ग्राहक संरक्षणाच्या केंद्रीय प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे स्पष्ट केले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्यास दुजोरा दिला. वाढप्याची सेवा आवडली तर त्याच्या हातावर आपखुशीने काही ठेवावे. ते अधिक शोभते. तसेच अन्नसुरक्षेच्या परवान्याचा चौदा आकडी क्रमांक दर्शनी भागी लावलेला आहे की नाही, हेही पाहावे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. एका ठिकाणी आमचे मेज पुसावयास जो मुलगा आला, त्याचे वय बाराच्या पुढे खास नसावे. चौदा वर्षांखालील मुलांना हॉटेलांत व धाब्यांवर कामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून बंदी आहे. मालकास विचारले, तेव्हा "गावाकडचा भाचा आहे" असे उत्तर आले. असे भाचे फार दुकानांत आढळतात! १०९८ हा मुलांच्या साहाय्याचा दूरध्वनी क्रमांक प्रत्येक घरातील वडीलधाऱ्याने ध्यानात ठेवावा. चहा कितीही फक्कड असला, तरी तो एखाद्या लेकराच्या शाळेच्या मोलाने प्यावयाचा नसतो.

येथवर चव, दाम आणि स्वच्छता यांचा हिशेब झाला. परंतु अन्नगृहाची खरी पारख याहून निराळी आहे, असे आम्हांस वाटते. येथे कोणास बसू देतात? हा तो प्रश्न होय. आणि तो विचारावयास सयाजीगंजाइतकी योग्य जागा नाही.

१९१७ सालच्या सप्टेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर वडोदऱ्यास उतरले. सयाजीराव महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत शिकून आले होते आणि करारानुसार संस्थानच्या नोकरीत रुजू होणार होते. ज्या राजाने अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या, १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, त्याच्याच राजधानीत त्याच्याच विद्वान अधिकाऱ्यास पाठ टेकावयास जागा मिळेना. हिंदूंच्या खाणावळींचे दार आपल्यासाठी बंद असणार, हे ते जाणून होते. अखेरीस ते एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लावून राहिले. वरच्या मजल्यावर ते एकटेच. दिवा म्हणून एक कंदील. रखवालदार वर आणून देई ते जेवण. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांस फर्मावण्यात आले.

बाबासाहेबांनी ही हकीकत 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत स्वतः लिहून ठेवली आहे. तीत पुढे जे येते, ते ख्रिस्ती वाचकाने मन घट्ट करून वाचावे. ते आश्रयासाठी दोन मित्रांकडे गेले. एक हिंदू होता, त्याने अडचण सांगितली. दुसरा ख्रिस्ती होता. पत्नी उद्या वडोदऱ्यास येत आहे, तिला विचारावे लागेल, असे तो म्हणाला. पतिपत्नी दोघेही मूळचे ब्राह्मण. धर्मांतरानंतर पती उदारमतवादी झाला, पण पत्नीने जुना सोवळेपणा सोडला नव्हता, आणि आपल्यास ती घरात घेणार नाही, हे बाबासाहेबांनी ओळखले. मुंबईची गाडी रात्री होती. मधला वेळ त्यांनी काढला तो कमाटी बागेत. बागेतील ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला तेथे लोक जमतात.

वाचकहो, त्या दिवशी एका ख्रिस्ती घराचे दार उघडले असते तर! त्या घरात भिंतीवर क्रूस असेल, टेबलावर शुभवर्तमान असेल. उणीव होती ती एका ताटाची. बाप्तिस्म्याचे पाणी कपाळावरून ओघळले, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचले नाही.

हा रोग नवा नाही. अंत्युखियात संत पेत्र परधर्मीयांतून आलेल्या ख्रिस्ती बांधवांसमवेत जेवत असे. पण यरुशलेमेहून काही मंडळी येताच तो त्या पंक्तीतून मागे सरला. तेव्हा संत पौलाने त्यास सर्वांदेखत, तोंडावर, दोष दिला. ख्रिस्तसभेच्या आरंभीच्या काळातला एवढा मोठा वाद कोणाबरोबर जेवावे यावरून पेटला, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. करिंथ येथील श्रीमंत आपापले आधी खाऊन घेत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हाही पौलाची लेखणी अशीच तापली होती.

देशाच्या कायद्याने आपला भाग उचलला आहे. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. तेथे कोणासही जातीवरून वा धर्मावरून मज्जाव करता येत नाही. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यता पाळणाऱ्यास शिक्षा ठरविली. म्हणून आज सयाजीगंजात सेव-उसळीच्या बाकावर कोण कोणाशेजारी बसला आहे, हे कोणी विचारीत नाही. गिऱ्हाईकाने पैसे मोजले की झाले. आम्ही अनेक ताटांना नावे ठेवली; पण हे एक श्रेय त्या साध्या बाकास दिलेच पाहिजे. जे काम प्रवचनांनी शतकानुशतके साधले नाही, ते निदान अर्धे त्या बाकाने साधले.

अर्धेच, कारण बाकावरचा शेजार पैशाने मिळतो. घरातला शेजार मनाने द्यावा लागतो, आणि तेथे कायदा पोहोचत नाही. आपल्या गावांतील गोष्ट घ्या. लावणीला आलेल्या मजुरांना चहा कोणत्या कपातून जातो? तो कप घरातल्या कपांबरोबर फळीवर राहतो की गोठ्याच्या खुंटीवर? लग्नाच्या मांडवात फुगे आणि मटण सर्वांच्या ताटात सारखेच पडते, की कोणासाठी पंक्त उशिरा, मांडवाच्या कडेला बसते? रविवारी एकाच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेणारी दोन कुटुंबे सोमवारी एकमेकांकडचे पाणी पिण्यास कां कचरतात? या प्रश्नांची उत्तरे आम्हांस कळविण्याची आवश्यकता नाही. ती आपापल्या घरातच द्यावयाची आहेत.

तेव्हा त्या माउलीस आमचे उत्तर असे: बाई, तुमचा मुलगा सयाजीगंजात उपाशी राहणार नाही. सकाळी उसळ खाईल, दुपारी थाळी जेवेल, डाळीच्या गोडीस नावे ठेवील आणि सुट्टीत घरी येऊन बोंबील मागेल. येताना एखादा खोलीतला मित्रही बरोबर आणील. तो कोणत्या गावचा, कोणत्या जातीचा, हे विचारण्यापूर्वी त्याच्यासाठी आपल्या मुलाशेजारी पाट मांडा, आणि घरातले रोजचेच ताट त्याच्यापुढे ठेवा.