निष्ठा, मैल आणि मर्जी

‘लॉयल्टी प्रोग्रॅम’चे मराठीत ‘निष्ठा कार्यक्रम’ असे भाषांतर करणाऱ्यावर आम्ही फार रागावणार नाही. त्याने कोश उघडला, समोर आलेला शब्द उचलला आणि तो मोकळा झाला. हे भाषांतर वाचून कोणालाच हसू आले नाही, हे मात्र गंभीर आहे. ‘निष्ठा’च्या पोटात ‘स्था’ हा धातू आहे; पाय रोवून उभे राहणे हा त्याचा मूळ भाव. तो शब्द आता सतत विमानात बसणाऱ्या माणसाला बहाल झाला आहे, आणि तोही अमुक इतके मैल पुरे केल्याबद्दल! साहित्याच्या प्राध्यापकांनी विमान कंपन्यांच्या आणि हॉटेलांच्या बक्षिसांवर कशाला बोलावे, असे विचारणाऱ्यांना आमचे इतकेच उत्तर: आमच्या शब्दांना त्यांनी हात घातला आहे, म्हणून.

थोडा इतिहास. १९७८ साली अमेरिकेने कायदा करून विमानभाडे आणि मार्ग यांवरचे सरकारी नियंत्रण उठवले. स्पर्धा सुरू झाली. या कंपनीची खुर्ची आणि त्या कंपनीची खुर्ची यांत फरक उरेना, तेव्हा गिऱ्हाईक बांधून ठेवायचे कशाने? १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘ॲडव्हान्टेज’ ही योजना काढली. त्याच महिन्यात युनायटेडनेही आपली काढली. जितके मैल उडाल तितके खात्यात जमा. यातली खरी मेख अशी की, ज्याच्यावर नेम धरला होता तो कामानिमित्त फिरणारा नोकरदार तिकिटाचे पैसे स्वतः देतच नव्हता. पैसे मालकाचे, मैल नोकराचे. खरेदी खात्यातल्या साहेबांकडे विक्रेत्याकडून दिवाळीत जे पाकीट पोचते, त्याला आपण ‘निष्ठा’ म्हणत नाही. त्यासाठी आपल्या भाषेत वेगळा आणि पुरेसा स्पष्ट शब्द आहे. जर्मनीत २००२ साली सरकारी प्रवासावर मिळालेले मैल खासगी सहलींना वापरल्याचे उघड झाले, तेव्हा बर्लिनच्या मंत्रिमंडळातून ग्रेगोर गीझी यांना जावे लागले. नॉर्वेने तर त्याच वर्षी देशांतर्गत उड्डाणांवर असे मैल देण्यालाच बंदी घातली. ती २०१३ पर्यंत टिकली. अशी बंदी शक्य असते, हे येथे नोंदवून ठेवू.

पुढे धंद्याने कूस बदलली. कंपन्या आपले मैल बँकांना घाऊक विकू लागल्या आणि बँका ते क्रेडिट कार्डांवरून वाटू लागल्या. आता मैल मिळवायला विमानात बसण्याची गरज नाही. किराणा भरला तरी चालते. २०२० च्या जूनमध्ये, साथीमुळे विमाने जमिनीवर असताना, युनायटेडने आपली ‘मायलेजप्लस’ योजना तारण ठेवून ५ अब्ज डॉलरचे कर्ज उभे करण्याचे जाहीर केले. त्या योजनेची किंमत कंपनीनेच सुमारे २२ अब्ज डॉलर सांगितली होती. कंपनीच्या सगळ्या समभागांचे त्या वेळचे बाजारमूल्य याहून बरेच कमी होते. म्हणजे विमाने, मार्ग आणि माणसे एका पारड्यात घातली तरी जड ठरत होती ती वचनांची वही.

आपल्याकडचे उदाहरण अधिक बोचरे आहे. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची उड्डाणे थांबली. हजारो कर्मचाऱ्यांचे पगार थकले होते. पण तिची मैलांची योजना आधीच वेगळ्या कंपनीकडे दिलेली असल्यामुळे ती तरली, आणि त्याच वर्षी ‘इंटरमाइल्स’ हे नवे नाव घेऊन कामाला लागली. विमाने गेली, मैल उरले. ज्या वैमानिकांनी आणि लोडरांनी पगाराविना महिने काढले, त्यांच्या वागण्याला कोणी ‘लॉयल्टी’ म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही.

पण आमचा मुख्य आक्षेप संहितेवर आहे, आणि संहिता वाचणे हे तर आमचे कामच. या योजनांच्या अटी-शर्ती कोणी वाचत नाही, असे हसत सांगितले जाते. त्या वाचायला हव्यात. निष्ठेच्या भाषेत सुरू झालेला हा मजकूर पाचव्या-सहाव्या परिच्छेदात जहागिरीच्या भाषेत शिरतो. मैल सदस्याच्या मालकीचे नाहीत. त्यांचे मोल कंपनी ठरवील. ते केव्हाही बदलील. सदस्यत्व आपल्या एकट्याच्या निर्णयाने काढून घेईल. ही नुसती कागदी धमकी नव्हे. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने २००८ साली मिनेसोटातल्या एका रब्बींना आपल्या योजनेतून काढून टाकले. वरच्या दर्जाचे सदस्य होते ते. कारण काय, तर काही महिन्यांत त्यांनी २४ तक्रारी केल्या. कंपनीच्या मते ते भरपाईचा गैरफायदा घेत होते, आणि तसे असेलही. प्रश्न असा की, गैरफायदा झाला की नाही हे ठरवणार कोण? करारात लिहिले होते: फक्त कंपनी. ‘नॉर्थवेस्ट विरुद्ध गिन्सबर्ग’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली एकमताने निकाल दिला, की करार सद्भावाने पाळण्याचे जे बंधन राज्याचा कायदा घालतो, त्याच्या आधारे दाद मागता येणार नाही. आधार कोणता? १९७८ चा तोच कायदा. ज्या कायद्याने निष्ठेची गरज निर्माण केली, त्यानेच एका बाजूला सद्भावातून मोकळे केले. अशी रचना कादंबरीत आली असती तर आम्ही तिला योगायोगाचा अतिरेक म्हटले असते.

हॉटेलांची गोष्ट वेगळी नाही. मॅरियटने २०१६ साली स्टारवुड विकत घेतले आणि २०१८ मध्ये दोन्ही योजना एकत्र केल्या. एका घराण्याशी वर्षानुवर्षे एकनिष्ठ राहिलेले लोक सकाळी उठले तेव्हा दुसऱ्या घराण्याचे निष्ठावंत झाले होते. गाव विकले की रयतही जाते, तसे. डेल्टाने २०१५ मध्ये कोणत्या मार्गाला किती मैल लागतील याचा तक्ताच काढून टाकला, आणि त्याच वर्षापासून मैल अंतरावर न देता खर्चावर द्यायला सुरुवात केली. आता मैल म्हणजे मैलही नव्हे. हा शब्द तरी त्यांनी परत करावा.

आम्ही प्रवासाच्या शुद्धतेचे सोवळे नेसून बसलेलो नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते दक्षिणेच्या आशेनेच. घरावर कर्ज होते आणि बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, अशी वार्ता होती. लाभासाठी केलेला प्रवास होता तो. पण वाटेत झाशी आली, कत्तल आली, लूट आली. जमवलेली दक्षिणा हातची गेली आणि ‘माझा प्रवास’ मराठीला मिळाला. लाभाच्या हेतूला वाटेत जग आडवे आले, म्हणून ते पुस्तक झाले. ‘प्रवास’ या शब्दातही ‘वस्’ आहे, परक्या जागी राहणे आहे. उलट, वर्षअखेरीस दर्जा टिकवण्यासाठी एखादा गडी सकाळी उडतो, विमानतळाबाहेर पाऊल न टाकता संध्याकाळी परततो आणि त्याची हकीकत अभिमानाने लिहितो, तेव्हा त्याच्या वाटेत आडवे येण्यासारखे काही उरलेलेच नसते. वॉल्टर कर्न यांनी ‘अप इन द एअर’ (२००१) या कादंबरीत असाच नायक रंगवला, दहा लाख मैल पुरे करणे हेच ज्याचे ध्येय. २००१ साली तो विडंबनाचा विषय होता. आज वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत तो सल्लागार आहे: कोणते कार्ड घ्यावे, कोणत्या लाउंजमध्ये नाश्ता चांगला.

हे सारे फुकट असते असा समज आहे, म्हणून आणखी एक आकडा. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थतज्ज्ञांनी २०१० साली असा हिशेब मांडला, की कार्डाचे शुल्क दुकानदार वस्तूंच्या किमतीत मिसळतो, त्यामुळे अमेरिकेत रोखीने व्यवहार करणारे कुटुंब वर्षाला सरासरी १४९ डॉलर कार्डवाल्यांच्या पदरात टाकते, आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाला सरासरी १,१३३ डॉलर मिळतात. लाउंजमधल्या नाश्त्याचे यजमान कोण, हे यावरून कळावे.

आमची सूचना साधी आहे. व्यावहारिक मराठीच्या तासाला अनुवादासाठी दरवर्षी तीच ती कार्यालयीन पत्रे देण्याऐवजी अशा एखाद्या योजनेच्या अटींची दोन पाने द्यावीत. ‘लॉयल्टी’साठी विद्यार्थी काय लिहितात ते पाहावे, आणि ‘सोल डिस्क्रिशन’पाशी ते अडले तर ‘स्वेच्छाधिकार’ सुचवण्याची घाई करू नये. ‘मर्जी’ हा शब्द त्यांचा त्यांना सापडेल.