विश्लेषण : गाडी दोन इंच उचलली, आर्मच्या लांबीचे काय?

देवळा तालुक्यात कांदा-डाळिंबाच्या शिवारात नेणारे पाणंद रस्ते पावसाळ्यात खोल चाकोऱ्यांचे होतात. गाडीचे पोट घासू लागले की फोर-बाय-फोरला उंच स्प्रिंग टाकून ती दोन इंच उचलण्याचा मोह होतो. मात्र तीच गाडी भावडबारी घाटातही धावते. उंची वाढवून आर्म तसेच ठेवणे हे अर्धवट काम आहे आणि त्याचा धोका समोरून येणाऱ्या दुचाकीस्वारालाही आहे.

नेमके काय बिघडते?

मारुती जिम्नीला पुढे-मागे सॉलिड ॲक्सल आहेत, तर २०२० पासूनच्या महिंद्रा थारला फक्त मागे. हा ॲक्सल आर्मनी चासीला जोडलेला असतो. गाडी उचलली की आर्म तिरपे होतात. समजा आर्म ६० सेंटिमीटरचा आहे, तर पाच सेंटिमीटर उंचीमागे तो सुमारे पावणेपाच अंशांनी कलतो. जिम्नीत पुढचा ॲक्सलही त्याबरोबर फिरतो आणि कॅस्टर घटतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते ते कॅस्टरमुळे. तो कमी झाला की गाडी वेगात भरकटते. आडवा पॅनहार्ड रॉड ॲक्सलला एका बाजूला ओढतो. थारच्या मागे ॲक्सलचा कोन बदलून प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर ताण येतो.

लांबी कशी जुळवायची?

ॲडजस्टेबल खालचे आर्म बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजून डावे-उजवे समान ठेवावेत. दोन्ही बाजूंचा व्हीलबेस तपासावा. ॲक्सलचा कोन वरच्या आर्मने साधावा. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असतानाच पॅनहार्ड रॉडने ॲक्सल मध्यावर आणावा. बुशचे बोल्टही तेव्हाच शेवटचे आवळावेत. गाडी जॅकवर असताना आवळले, तर रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. लॉकनट घट्ट आहेत आणि ब्रेकचे होज ताणले जात नाहीत, हे पाहावे. शेवटी व्हील अलाइनमेंट करून त्याचा छापील अहवाल घ्यावा.

मुळात उचलायची का?

थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर, तर जिम्नीचा २१० मिलिमीटर आहे. उंच स्प्रिंगने बॉडी वर जाते, पण सॉलिड ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा तिथेच राहतो. चाकोरीत अडकतो तो बहुधा हाच. त्यासाठी दोन इंचांपेक्षा चांगले टायर आणि चाक कुठे ठेवायचे याची जाण अधिक कामाची.

कायदाही आडवा येतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे आधी आरटीओत विचारावे. परवानगी मिळाली, तरी आर्म आणि अलाइनमेंटचा खर्च लिफ्टच्या खर्चातच धरावा. तेवढा पैसा नसेल, तर गाडी आहे त्या उंचीवर ठेवणेच शहाणपणाचे.