माजी विद्यार्थी कोणाला म्हणायचे?

मागच्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी मेळावा झाला. आसेगावात त्याची दोनच निमंत्रणे आली. एक कंत्राटदाराला आणि दुसरे पुण्यात संगणक कंपनीत नोकरीला असलेल्या मुलाला. दुसरे त्याच्या अब्बांनी घेतले आणि कौतुकाने शोकेसमध्ये ठेवले. त्याच महाविद्यालयात शिकलेले आणखी दहा-बारा जण गावात आहेत. एक बी.कॉम. होऊन वडिलांचे किराणा दुकान पाहतो. मराठीत एम.ए. झालेली एक भगिनी दिवसा शिलाई मशीन चालवते आणि संध्याकाळी गल्लीतल्या पोरांना मराठी व्याकरण शिकवते. मी स्वतः अनेक वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले आणि शेवटी शेतीकडे वळलो. आम्हाला कोणी विचारले नाही. जेवण हुकले याचे दुःख नाही. प्रश्न एवढाच, की आम्ही तिथे शिकलोच नव्हतो काय?

कारण शोधायला लांब जावे लागत नाही. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभाग हा एक निकष आहे. संघटना नोंदणीकृत आहे का, तिने आर्थिक हातभार किती लावला, हे तिथे विचारले जाते. निकष चांगला आहे, पण त्याचा अर्थ सोयीने लावला जातो. जो देणगी देऊ शकेल तो माजी विद्यार्थी. बाकीचे जुन्या हजेरीपटातली नावे.

वऱ्हाडातल्या मुलांना नागपूर लांब पडू नये, म्हणून १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ वेगळे झाले. २००५ साली त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. बाबा स्वतः शाळा शिकले नव्हते, पण घरातली भांडी विकावी लागली तरी लेकरांना शिकवा, असे ते गावोगाव सांगत फिरले. आमच्या कित्येक अम्मींनी ते अक्षरशः केले आहे. मंगरुळपीर, कारंजा करत अमरावती गाठायला अख्खी सकाळ मोडते. त्या वाटेने गुणपत्रिकेच्या दुरुस्तीसाठी हेलपाटे घालणारी पोरे त्याच घरांतली होती. बाबांचे नाव लावणाऱ्या विद्यापीठाच्या छत्राखालीच ही पोरे हिशेबात धरली जाणार नसतील, तर ती कुठे धरली जातील?

पण विद्यापीठाला दोष देऊन मोकळे होणे फार सोपे आहे. वाचकहो, आता जरा स्वतःकडे पाहू.

१७ ऑक्टोबर आला की आपल्याकडे सर सय्यद यांची जयंती साजरी होते. मुशायरा होतो, भाषणे होतात. १८७५ साली अलिगढला त्यांनी सुरू केलेल्या शाळेचे १९२० साली विद्यापीठ झाले, हा इतिहास आपल्याला पाठ आहे. त्याचा अभिमान जरूर असावा. पण त्या सभेत बसलेल्यांपैकी अलिगढला शिकलेले किती? बहुतेकांची पदवी अमरावतीची, नाहीतर नागपूरची. ज्या विद्यापीठाने आपल्याला पदवी दिली, त्याच्या कारभारात काय चालले आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. अलिगढवाले जगात कुठेही गेले तरी एकमेकांना धरून राहतात. त्यांच्याकडून शिकायचे ते हे. आपण त्यांचा तराणा तेवढा उचलला.

परिस्थिती काय आहे? २००६ साली सच्चर समितीने आपले मागासलेपण आकड्यांत मांडले. त्यानंतरही गाडी फार पुढे गेली नाही. २०११ च्या जनगणनेत मुस्लिम लोकसंख्या १४.२ टक्के होती. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणात २०२०-२१ साली मुस्लिम विद्यार्थ्यांचे प्रमाण ४.६ टक्के निघाले. आदल्या वर्षी ते २१ लाख होते, त्या वर्षी सुमारे १९ लाखांवर आले. डिसेंबर २०२२ मध्ये मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद झाल्याचे जाहीर झाले. आपण निवेदने दिली, छायाचित्रे काढली आणि घरी आलो.

निवेदन देणे चूक नाही. पण कायद्याने जी खुर्ची आपल्यासाठी ठेवली आहे, ती रिकामी सोडून दारात निवेदन घेऊन उभे राहणे ही मात्र चूक आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांतून दहा सदस्य निवडून जातात. विद्यापीठाचे अंदाजपत्रक याच अधिसभेपुढे येते. फेलोशिप दिल्लीची असेल, पण परीक्षा शुल्क, वसतिगृह, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांचे मानधन हे प्रश्न इथे विचारता येतात. महाविद्यालय विकास समितीतही एक तरी माजी विद्यार्थी असावा, असे हाच कायदा सांगतो. मात्र पदवी मिळाली म्हणून मतदार यादीत नाव आपोआप येत नाही. अर्ज भरावा लागतो, पदवी प्रमाणपत्राची प्रत जोडावी लागते. अमरावतीची अधिसभा निवडणूक २०२२ साली झाली. त्या वेळी आपल्या ओळखीच्या किती जणांनी नाव नोंदवले होते? मीही नोंदवले नव्हते. हा लेख म्हणजे आधी माझीच कबुली आहे.

कोणी म्हणेल, आपली मते ती किती आणि त्याने काय होणार? मी धर्माचा मतदारसंघ बांधायला सांगत नाही. मानोऱ्याच्या तांड्यावरचा बंजारा पदवीधर, शेजारच्या गावचा बौद्ध पदवीधर, सोयाबीनच्या भावाने पिचलेला कुणबी पदवीधर, यांनाही मेळाव्याचे निमंत्रण येत नाही. आपली गोष्ट एकच आहे. ती एकत्र सांगितली तर ऐकावी लागेल. आणखी एक. लग्नानंतर नाव बदलले, कागदपत्रे जुळत नाहीत, म्हणून आपल्या मुलींची पदवी पेटीत पडून राहते. भावांनी, शौहरांनी तेवढी कागदपत्रे नीट करून द्यावीत. जहेजची यादी करायला आपल्याला वेळ मिळतो, मग याला का मिळू नये?

अधिसभेची मुदत पाच वर्षांची असते. म्हणजे आता बसून राहायला वेळ नाही. मी आसेगावात एक वही घातली आहे. पदवी, वर्ष, सध्याचे काम आणि नोंदणी झाली की नाही, असे चार रकाने आखले आहेत. पहिले नाव शिलाई मशीन चालवणाऱ्या त्या भगिनीचे आहे. कामाच्या रकान्यात काय लिहू, असे विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘‘भाई, शिक्षिका लिहा. पगार नाही एवढेच.’’

पुढच्या मेळाव्याला ही वही घेऊन मी जाणार आहे. निमंत्रण आले नाही तरी.