हप्ता तोच, मुदत मात्र दुप्पट

पुणे-नाशिक महामार्गालगत मंचर, नारायणगाव, आळेफाटा या पट्ट्यात घर घेणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : महिन्याला हप्ता किती बसेल? त्याचे उत्तर अवघड नाही. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी एक लाख रुपये घेतले, तर हप्ता साधारण ८६८ रुपये बसतो. पंचवीस लाखांना तो २१ हजार ७०० च्या घरात जातो. ही आकडेमोड विक्रेत्याचा माणूसही उभ्या उभ्या करून देतो. वीस वर्षांत मुद्दलाखेरीज सुमारे २७ लाखांचे व्याज जाईल, हे मात्र तो आपणहून सांगत नाही. मुदत पंधरा वर्षे केली, तर हप्ता सुमारे २,९०० रुपयांनी वाढतो आणि व्याजाचे पावणेआठ लाख वाचतात.

खरी अडचण पुढे येते, कारण व्याजदर एका जागी राहत नाही. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची तरत्या दराची नवी गृहकर्जे बाह्य निर्देशांकाशी, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराशी, बांधली गेली आहेत. हा दर मे २०२० मध्ये ४ टक्के होता. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या अवघ्या दहा महिन्यांत तो साडेसहावर गेला.

समजा, एखाद्या कुटुंबाने सात टक्क्यांनी वीस वर्षांसाठी पंचवीस लाख घेतले आणि दोन वर्षांनी दर साडेनऊ झाला. १९,३८२ रुपयांचा जुना हप्ता तसाच ठेवला, तर त्यातील १८,८१६ रुपये पहिल्याच महिन्यात व्याजात जातात. मुद्दलाला उरतात साडेपाचशेच्या आसपास. अठरा वर्षांत संपणारे कर्ज सदतीस वर्षांहून अधिक लांबते. मुदत राखायची तर हप्ता २३ हजारांवर न्यावा लागतो. प्रत्यक्षात वाढ टप्प्याटप्प्याने झाली आणि बँका इतकी मुदत सहसा देत नाहीत, पण अनेक कर्जदारांना मुदत वाढल्याचे खातेउतारा पाहिल्यावरच कळले. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये परिपत्रक काढून हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी की दोन्ही, ही निवड कर्जदाराला द्यावी, असे बजावले ते याचमुळे.

जुन्नर-आंबेगावात या हिशेबाला आणखी एक पेच आहे. हप्ता दरमहा जातो, उत्पन्न मात्र दरमहा येत नाही. चाकणच्या कारखान्यात नोकरीला जाणाऱ्याचे वेतन बँकेला समजते. टोमॅटो, कांदा वा ऊस घेणाऱ्याचे उत्पन्न समजत नाही. शेतीउत्पन्नावर प्राप्तिकर नसल्याने विवरणपत्राचा पुरावाही नसतो. विघ्नहर वा भीमाशंकर कारखान्याला घातलेल्या उसाचे पैसे कायद्याने चौदा दिवसांत मिळायला हवेत, पण कॅलेंडरवर हप्त्याची तारीख बांधावी इतका भरवसा त्यावर कोणी ठेवत नाही. टोमॅटोचे तर विचारूच नये. जुलै २०२३ मध्ये भाव चढले तेव्हा नारायणगावच्या बाजाराची बातमी देशभर गेली. भाव पडल्यावर हाच माल रस्त्याकडेला टाकावा लागतो.

अशा घरांनी हप्ता वाईट हंगामावर बेतावा आणि चांगल्या हंगामाचे पैसे मुद्दलात भरावेत, हे अधिक शहाणपणाचे. वरच्याच साडेआठ टक्क्यांच्या कर्जात पहिल्या वर्षअखेर एक लाख रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर सुमारे २१ हप्ते, म्हणजे साडेचार लाखांहून अधिक रक्कम वाचते. तरत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर बँकांना मुदतपूर्व परतफेडीचा दंड लावता येत नाही. पतसंस्थेकडून कर्ज घेतलेल्यांनी मात्र करारनामा वाचावा. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या देखरेखीखाली येतात. नागरी सहकारी बँकांनाही बाह्य निर्देशांकाची सक्ती नाही. दर घटल्याचा लाभ तेथे आपोआप पोचेलच असे नाही.

२०२५ मध्ये रेपो दर चार वेळा मिळून सव्वा टक्क्याने घटला आणि डिसेंबरात ५.२५ टक्के झाला. त्यानंतर कर्ज दुसरीकडे हलविण्याच्या जाहिराती वाढणे स्वाभाविक आहे. वीस लाखांची बाकी, पंधरा वर्षे शिल्लक आणि दर नऊवरून आठ झाला, तर महिन्याला सुमारे १,१७० रुपये वाचतात. प्रक्रिया शुल्क, मूल्यांकन, वकिलाचा शोध अहवाल आणि गहाणाचे मुद्रांक शुल्क मिळून तीस हजार गेले, तर ते भरून यायला सव्वीस महिने लागतील. त्याआधी आपल्याच बँकेला दर कमी करण्याचा अर्ज द्यावा. अल्प शुल्कात काम भागण्याची शक्यता असते. नवी बँक पुन्हा वीस वर्षांची मुदत देऊ करत असेल, तर घटलेल्या हप्त्याकडे पाहून सही करू नये. पाच वर्षांचे जादा हप्ते त्यात दडलेले असतात.