‘ऐ मेरे वतन के लोगों’मध्ये पाचच नावं आहेत, मग बाकीच्यांचं काय?

सोसायटीच्या झेंडावंदनाला स्पीकर सुरू झाला की कोणती गाणी लागणार हे आपल्याला पाठ असतं. ‘ऐ मेरे वतन के लोगों’ तर असतंच असतं. कवी प्रदीप यांचे शब्द, आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची चाल आणि लतादीदींचा आवाज. कुठल्याही सिनेमातलं नसलेलं हे गाणं २०२२ पासून तर थेट बीटिंग रिट्रीटमध्ये जाऊन बसलं. गांधीजींची आवडती ‘अबाइड विथ मी’ ही इंग्रजी प्रार्थना त्या वर्षी वगळली आणि ही धून घेतली.

आता गंमत बघा. हे गाणं जिंकल्याचं नाही, हरल्याचं आहे. १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चीनने आपल्याला जबर मार दिला. दोन महिन्यांनी, २७ जानेवारी १९६३ ला, दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर पंडित नेहरूंसमोर लतादीदींनी ते गायलं. त्यात चीनचं नाव नाही, बदल्याची भाषा नाही. फक्त गेलेल्यांची आठवण आहे.

आणि ही आठवण काढताना प्रदीप पाच नावं घेतात : शीख, जाट, मराठा, गुरखा, मद्रासी. सीमेवर मेलेला यातला प्रत्येक जण भारतीय होता, असं म्हणतात. आपल्याकडे ‘मराठा’ शब्द आला की माना ताठ होतात, ते वेगळंच.

पण यादी नीट पाहा. यात धर्मांची मोजदाद नाही आणि राज्यांचीही नाही. ही पाचही नावं सैन्याच्या रेजिमेंटमध्ये सापडतात. म्हणजे राष्ट्रगीत जसं प्रांत आणि नद्या मोजतं, तसं हे गाणं पलटणी मोजतं, असं आपलं माझं मत. त्यातही गुरखा पलटणींमधले बरेच जवान तेव्हा नेपाळचे नागरिक होते. पासपोर्टने परदेशी असलेल्या माणसालाही गाण्याने आपलं म्हटलं. ‘भारतीय कोण’ याची एवढी ऐसपैस व्याख्या आजच्या वादांमध्ये क्वचित ऐकू येते.

अडचण अशी की यादी केली की कुणीतरी सुटतंच. १९४१ मध्ये उभी राहिलेली महार रेजिमेंट यात नाही. आणि अहीर नाहीत.

अहीर का महत्त्वाचे? तर १८ नोव्हेंबर १९६२ ला लडाखच्या रेझांग ला इथे १३ कुमाऊंच्या चार्ली कंपनीने शेवटच्या गोळीपर्यंत झुंज दिली. १२० जणांपैकी शंभरहून अधिक गेले. मेजर शैतान सिंह यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ते राजपूत, पण त्यांचे जवान जवळपास सगळे हरियाणा भागातले अहीर. नाव मात्र लागलं कुमाऊंचं. त्यांच्यातल्या बहुतेकांचे बर्फात गोठलेले देह सापडले फेब्रुवारी १९६३ मध्ये. म्हणजे दिल्लीत नेहरूंसमोर हे गाणं झालं तेव्हा ते अजून तिथेच पडलेले होते.

म्हणूनच फरहान अख्तरचा ‘१२० बहादूर’ आला तेव्हा हरियाणात लोक रस्त्यावर उतरले. त्यांचं म्हणणं, नावात ‘बहादूर’ नको, ‘वीर अहीर’ हवं. त्यामागे स्वतंत्र अहीर रेजिमेंटची जुनी मागणीही आहे. त्यावर सरकारचं उत्तर ठरलेलं आहे. जात, समाज किंवा धर्माच्या नावाने नवी रेजिमेंट उभारणार नाही, हे स्वातंत्र्यानंतरचं धोरण आहे. पण इंग्रजांच्या काळातली नावं तशीच चालू आहेत, त्यामुळे ‘त्यांना आहे, मग आम्हाला का नाही’ हा प्रश्न काही सुटत नाही.

सोशल मीडियावर या मागणीला ‘सैनिकांची जात काढता’ म्हणून झोडपलं गेलं. पण दरवर्षी आपण जे गाणं डोळे पुसत ऐकतो, त्यातही नावं घेतलेलीच आहेत. ज्यांचं नाव आधीच गाण्यात आहे, त्यांना ‘नावात काय आहे’ म्हणणं सोपं जातं.

सिनेमा शेवटी २१ नोव्हेंबर २०२५ ला आला, ‘१२० बहादूर’ याच नावाने.