माळ्यावरची रॅले

मैत्रिणींनो, घर आवरायला काढलं की दोन गोष्टी हमखास होतात. एक म्हणजे कंबर धरते, आणि दुसरी म्हणजे घरातल्या घरात भांडण लागतं. आमच्याकडे यंदा दोन्ही झालं.

लक्ष्मीनगरचं आमचं जुनं घर आता बिल्डरकडे जायचंय. तेव्हा चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा माळा रिकामा करणं आलं. पितळेचं घंगाळ निघालं, यांचा पाळणा निघाला, झाकणं नसलेल्या बरण्या निघाल्या. (झाकणं वेगळ्या डब्यात होती. एकही बरणीला बसेना. हे कोडं ज्या मैत्रिणीला सुटेल तिनं मला जरूर कळवावं.) आणि अगदी कोपऱ्यात, फाटक्या सतरंजीत गुंडाळलेली, चाकं काढून ठेवलेली मामंजींची सायकल.

मामंजींना जाऊन चार वर्षं झाली. भंगारवाल्यानं सायकल काट्याला लावली. चाकांसकट अकरा किलो. तीनशे रुपये देतो म्हणाला. यांच्या एका मित्राचं धरमपेठेत कॉफीचं दुकान आहे. तो म्हणाला, भंगारात कशाला, मी आठ हजार देतो, भिंतीवर टांगीन. हल्ली अशा जुन्या वस्तू भिंतीवर टांगायची टूम आहे. पूर्वी आपण सूप टांगायचो, ते पाखडायला हाताशी असावं म्हणून. आता सूपही दिवा लावून टांगतात. आमचे हे लगेच तयार झाले. सासूबाई मात्र एवढंच म्हणाल्या, "भिंतीवर कायले? सायकल आहे ते." आणि मेथी निवडायला बसल्या.

ही साधी, दूधवाल्याची असते तशी काळी सायकल नव्हे बरं का. ही शर्यतीची. पुढच्या नळीवर बगळ्याच्या डोक्याचा बिल्ला आहे, म्हणजे इंग्लंडच्या नॉटिंगहॅमची रॅले. सीटखालच्या नळीवर अर्धवट उडालेला '५३१' असा छाप. तो पोलादाचा प्रकार. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीनं तो १९३५ साली काढला. त्या नळ्यांची गंमत अशी, की जिथे जोड असतो त्या टोकांना त्या जाड आणि मधल्या भागात पातळ असतात. जोर जिथे पडतो तिथेच धातू ठेवायचा, बाकी वजन काढून टाकायचं. या युक्तीचं पेटंट तर १८९७ चं. मी अर्धवेळ शाळेत गणित शिकवते, आणि शिवाय पोळ्या लाटते. काठ जाड राहिले म्हणून मी माहेरी किती बोलणी खाल्ली असतील! इथे काठ जाड ठेवले म्हणून कंपनीचं नाव झालं.

मामंजींनी ती १९७६ साली अजनीच्या रेल्वे कॉलनीतल्या एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरकडून घेतली. ते गृहस्थ निवृत्त होऊन परदेशी लेकीकडे निघाले होते. चारशे रुपये पडले, म्हणजे जवळजवळ महिन्याचा पगार. तेव्हा अशी सायकल बाहेरून मागवणं सामान्य माणसाला परवडतही नव्हतं आणि सरकार मागवू देतही नव्हतं. बहुतेक पोरं गावठी सायकलचेच मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चेन कव्हर असं सगळं काढून टाकायची आणि शर्यतीला उभी राहायची. मामंजींच्या आईनं म्हणे दोन दिवस अबोला धरला. चारशे रुपयांची सायकल, आणि तिला पिशवी अडकवायला कॅरिअर नाही!

आता ही शर्यत कसली, ते सांगते. मुंबई-पुणे सायकल शर्यत आपल्याला ऐकून ठाऊक असते. सगळे एकदम सुटतात, बोरघाटात जो पुढे जाईल तो 'घाटाचा राजा'. मामंजीही एकदा हौसेनं गेले होते. आमच्या सपाट नागपूरचा माणूस. खोपोलीपर्यंत राजा होता, घाट लागला आणि प्रजेत जमा झाला. हे ते स्वतःच हसत सांगायचे. त्यांची खरी आवड दुसरी होती: घड्याळाशी शर्यत. यात एकेक जण एकेक मिनिटाच्या अंतरानं सुटतो. कुणाच्या पाठीमागे लपून वारा चुकवायचा नाही. घोळक्यात पुढच्याच्या आडोशाला राहिलं की बरीच ताकद वाचते. इथे ती सोय नाही. तू, रस्ता आणि घड्याळ.

ही पद्धत इंग्रजांनी काढली, आणि गंमत म्हणजे एका बाईमुळे. १८९४ साली सायकलवाल्यांचा एक घोळका शर्यतीत चालला होता. वाटेत एक बाई घोडागाडीतून जात होती. घोडा बुजला, सायकलवाले पडले, आणि बाईनं पोलिसांत तक्रार केली. त्या घोळक्यात बिडलेक नावाचे गृहस्थ होते. त्यांनी डोकं लढवलं आणि पुढच्या वर्षी, १८९५ मध्ये, एकेकट्यानं सोडायची शर्यत भरवली. लोकांच्या डोळ्यांत येऊ नये म्हणून पहाटे जायचं, गळ्यापासून पायापर्यंत काळे कपडे घालायचे, आणि शर्यत कुठून सुटणार ते बाहेर कुणाला सांगायचं नाही. वाचताना मला वाटलं, हे तर चोरून सिनेमाला जाण्यासारखंच झालं!

इथे नागपूरलाही मामंजी आणि त्यांचे तीन-चार दोस्त तेच करत. शनिवारी पहाटे अमरावती रस्त्यावर, वाडीच्या पुढे, आठव्या मैलाच्या बाजूला. अडीच मैल जायचं, अडीच मैल यायचं. ट्रकची वर्दळ सुरू व्हायच्या आत घरी. बक्षीस काही नाही. ज्याचा वेळ सर्वांत कमी, त्याला बाकीच्यांनी तर्री-पोहे खिलवायचे.

माळ्यावर त्या सतरंजीतच एक वही सापडली. दुधाच्या हिशेबाची, १९८१ ची. पान उलटलं की डावीकडे दूध, खाडे, रतीब, आणि उजवीकडे मामंजींच्या बारीक अक्षरात तारखा आणि आकडे. 'मी १४-०५', 'मी १३-५२', 'मी १३-४०'. मिनिटं आणि सेकंद, हे लगेच कळलं. पाच मैलांना तेरा मिनिटं चाळीस सेकंद, म्हणजे तासाला पस्तीस किलोमीटर. चांगलाच वेग म्हणायचा. मग सप्टेंबरपासून शेजारी आणखी एक रकाना. 'ही २१-३०'. 'ही २०-५०'. 'ही २०-०५'.

मी वही घेऊन स्वयंपाकघरात गेले. "आई, ही 'ही' कोण?"

सासूबाईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. "'ही' म्हणजे ही. दुसरी कोण असणार? ते मला कधी नावानं हाक मारत होते का?"

मैत्रिणींनो, मी या घरात येऊन चौदा वर्षं झाली. सासूबाईंच्या लोणच्याचं प्रमाण, त्यांच्या गुडघ्यांचे एक्स-रे, त्यांच्या माहेरच्या वर्ध्याच्या वाड्यातलं प्रत्येक माणूस, सगळं मला ठाऊक. हे ठाऊक नव्हतं.

शनिवारी पहाटे दोघं तेलंगखेडीच्या हनुमानाला म्हणून निघत. त्या त्यांच्या लेडीज सायकलवर, हे रॅलेवर. शिवणाच्या क्लाससाठी लेडीज सायकल सासरी चालत होती, कारण तिला मधली आडवी नळी नसते आणि साडी आवरता येते. रॅलेला नळी. साडीत टांग टाकायची कशी? तर पूजेच्या पिशवीत, नारळाच्या खाली, सलवार-कमीज. वाडीच्या पुढे एका शेताच्या कुंपणाआड कपडे बदलायचे. दोस्त येण्याआधी, अगदी अंधार विरायच्या वेळी, पाच मैल. मामंजी घड्याळ धरून उभे. येताना हनुमानाला खरंच नारळ फोडायचा, "कारण खोटं नको बोलायला."

शेवटचा आकडा नोव्हेंबरमधला आहे. 'ही १९-५८'. खाली दोन रेघा मारल्यात. त्याच्यापुढे त्या रकान्यात काही नाही.

"मग थांबलात का?"

"थांबले कुठे, थांबवलं. मग तुझा नवरा पोटात होता न." असं म्हणून त्यांनी जुडी परत हातात घेतली. "आणि झाल्यावर कोण सोडून राहिलं होतं? एक पोरगं, दोन दिरांचे डबे, सासूबाईंचं दुखणं. वीस मिनिटं कुठून काढायची?"

वीस मिनिटं! मी त्यांना बेरिल बर्टनची गोष्ट सांगितली. ही इंग्लंडमधल्या यॉर्कशायरची बाई. लहानपणी संधिवाताच्या तापानं महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेली. पुढे सायकलवर बसली. संसार, लेक, आणि शिवाय रूबार्बच्या मळ्यात मजुरी. रूबार्ब म्हणजे आपल्या अंबाडीसारखी आंबट, पण तिचे देठ खातात. १९५९ पासून सलग पंचवीस वर्षं ती घड्याळाच्या शर्यतींत देशात पहिली. १९६७ च्या सप्टेंबरात बारा तासांची शर्यत होती. पुरुष आधी सुटले, बायका मागाहून. एकेक करत तिनं सगळे गाठले. शेवटी उरला मॅकनमारा, जो स्वतः त्या दिवशी पुरुषांचा विक्रम मोडत होता. त्याला मागे टाकताना तिनं खिशातून ज्येष्ठमधाच्या चवीची गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली आणि पुढे गेली. बारा तासांत २७७.२५ मैल, म्हणजे ४४६ किलोमीटर. त्याचे झाले २७६.५२. तिचा आकडा मोडायला दुसऱ्या बाईला २०१७ साल उजाडलं. १९९६ मध्ये, स्वतःच्या वाढदिवसाची आमंत्रणं वाटायला सायकलवर निघालेली असताना तिचं हृदय बंद पडलं.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि स्वयंपाक कोण करत होतं?"

तिचा नवरा चार्ली तिची सायकल दुरुस्त करायचा, शर्यतीला घेऊन जायचा, लेकीला सांभाळायचा, असं मी सांगितलं. त्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "यांनी घड्याळ चांगलं धरलं. नाही म्हणायचं नाही मला." एवढंच. त्या 'एवढंच'मध्ये काय काय आहे ते तुम्ही समजून घ्या. मी अजून समजून घेतेच आहे.

कॉफीवाल्याला नाही म्हणून कळवलं. हे थोडे रुसले. आठ हजार म्हणजे काही कमी नाहीत आणि नव्या घराचे हप्ते आहेत, हे मलाही कळतं. पण वही वाचून दाखवल्यावर तेही गप्प झाले. आपल्या आईनं आपल्यासाठी काय काय सोडलं याची यादी मुलांना अशी आकड्यांत क्वचितच मिळते.

आता सायकल साफ करायची रीत, कारण पुष्कळांच्या घरी अशी एखादी पडून असेल. चकाकत्या भागावरचा गंज काढायला सँडपेपर अजिबात लावू नका, मुलामा जातो. पोळ्या गुंडाळायच्या चांदीच्या कागदाचा बोळा पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये बुडवून हलक्या हातानं घासा, आणि लगेच कोरडं पुसा. चेन रॉकेलमध्ये बुडवत असत; रॉकेल आता कुठलं, डिझेल चालतं, पण गॅसपासून दूर, अंगणात. चामड्याची सीट असेल तर खोबरेल तेल चोपडू नका. चामडं सैल पडून झोळी होते. आणि जुने छाप, बिल्ले घासू नका. माझा '५३१' मधला '१' असाच गेला.

टायरची मात्र पंचाईत आहे. आमचे सायकल मिस्त्री शंकरनगरकडे बसतात. त्यांनी रिम हातात फिरवून पाहिली. "वहिनी, हे सत्तावीस इंची. आताचे टायर यात नाही बसत." आताच्या रेसिंग सायकलच्या रिमचा व्यास ६२२ मिलिमीटर, या जुनीचा ६३०. आठ मिलिमीटरसाठी सगळं अडलं! त्यांच्या दुकानात डॉक्टर अमित समर्थांचा फोटो लावलेला आहे. आपल्या नागपूरचेच. २०१७ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, सुमारे ४,८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या मुदतीत एकट्यानं पूर्ण करणारे. नाशिकच्या श्रीनिवास गोकुळनाथांनीही त्याच वर्षी केली. तीही घड्याळाशीच शर्यत, तिथेही कुणाचा आडोसा घेता येत नाही. मिस्त्री म्हणाले, आता सायकली कागदासारख्या हलक्या, चाकं थाळीसारखी बंद. बदल झाला तो १९८९ पासून. त्या वर्षी फ्रान्सच्या तीन आठवड्यांच्या शर्यतीत शेवटच्या दिवशी लेमाँ नावाचा अमेरिकन कोपर टेकायचं नवं हँडल लावून उतरला आणि एकूण आठ सेकंदांनी जिंकला. आणि १९९३ मध्ये स्कॉटलंडच्या ओब्रीनं तासाभरात ५१.५९६ किलोमीटर जाऊन विक्रम केला, तो घरी बनवलेल्या सायकलवर. तिच्यात धुण्याच्या यंत्राचे बेअरिंग होते. आमचं यंत्र गेल्या महिन्यात खडखडत होतं, तेव्हा मी ते फेकायला निघाले होते!

सत्तावीस इंची टायर शेवटी पुण्याला मिळाले. दहा दिवसांत येतील. सासूबाईंचा गुडघा आता नळीवरून जात नाही; त्यांनी तो प्रयत्न करून पाहिला, अंगणात, मी शाळेत असताना. शेजारणीनं सांगितलं म्हणून कळलं. तेव्हा बसायचं मला आहे. रोज संध्याकाळी चहा देताना त्या मला पायडलला पाय कसा सरळ लागला पाहिजे ते दाखवतात, आणि शनिवारी भाजीला कोण उठणार हा प्रश्न त्यांनी परस्पर आमच्या ह्यांना विचारला आहे.

मामंजींचं चावीचं एचएमटी घड्याळही कपाटात सापडलं. चावी दिली की चालतं, पण दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. मी म्हटलं, मोबाइलवर वेळ लावू. सासूबाई म्हणतात, छे, वीस मिनिटांत असा काय फरक पडणार? मी हिशेब करून पाहिला. तीन सेकंदांच्या वर. आणि पडेल तो माझ्याच फायद्याचा, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.