फुलून गेलेली कुंडी टाकू नका

चाकणजवळच्या एका गावाहून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र चांगले चार पानी आहे. सगळे छापायला जागा नाही, पण मतलब असा. घरची बरीचशी जमीन कारखान्यांच्या वसाहतीत गेली. उरलेल्या दीड एकरात अजून कांदा होतो, पण घरातली तरुण माणसे कंपनीत जातात. धाकट्या मुलाला नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून त्याने आईसाठी जांभळ्या फुलांची एक कुंडी आणली. डेंड्रोबियम जातीचे ऑर्किड. दीड महिना फुले टिकली, शेजारपाजार येऊन पाहून गेला. मग फुले गळाली, त्याला आता सव्वा वर्ष झाले. नंतर एक कळी म्हणून आली नाही. सासूबाई म्हणतात, घरात हे बांडगूळ कशाला? सूनबाई म्हणतात, ही टाका, दुसरी आणू. आणि ताई लिहितात, सारा जन्म कांदा पिकवला, पण ही हातभर काडी मला फुलवता येऊ नये, याचे वाईट वाटते.

ताई, कुंडी टाकू नका. पत्रात तुम्ही लिहिले आहे की झाड हिरवेगार आहे, नवी फूटही येते, फक्त फूल नाही. म्हणजे झाड जिवंत आहे आणि खाऊनपिऊन आहे. त्याला फुलायचे कारण मिळालेले नाही, इतकेच. तुम्ही त्याला कांद्यासारखे वागवले, मायेने वागवले, आणि नेमके तिथेच चुकले.

आधी सासूबाईंची शंका. बांडगूळ आंब्याच्या फांदीत आपली मुळे घुसवते आणि त्याचा रस ओढते. ऑर्किड, ज्याला आपल्याकडे आमरी म्हणतात, ते तसे नाही. झाडावर वाढणारी आमरी फांदीवर नुसती बसते. तिची मुळे सालीला बिलगलेली असतात, पण आत शिरत नाहीत. पावसाचे पाणी, दव आणि सालीवर साचलेला पालापाचोळा, एवढ्यावर तिचा संसार चालतो. डेंड्रोबियम या नावाचा अर्थच झाडावर जगणारे. स्वार्ट्झ नावाच्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७९९ मध्ये हे कूळ वेगळे केले, आणि आज त्यात हजाराहून अधिक जाती मोजतात.

त्यातल्या काही आपल्याच आहेत. तुमच्या खेड तालुक्यातून वर भीमाशंकरकडे गेलात, तर माघ-फाल्गुनात उघड्या फांद्यांवर पांढऱ्या फुलांचे झुबके दिसतील. पान एकही नाही, नुसत्या सुरकुतल्या काड्या आणि त्यांवर फुले. ते डेंड्रोबियम बार्बॅट्युलम. त्याचा वर्षक्रम पाहण्यासारखा आहे. पावसाळ्यात पाने फुटतात, काड्या भरतात. पाऊस गेला की पाने पिवळी पडून गळतात. पुढे महिनेच्या महिने पाण्याचा थेंब नाही, आणि त्या कोरड्यातच ते फुलते. डाळिंब-मोसंबीवाल्यांना हे सांगायला नको. पाणी तोडून ताण द्यायचा आणि बहार धरायचा, हीच ती रीत. तिथे ताण माणूस देतो, इथे सह्याद्री देतो, एवढाच फरक. (पाहा, पण आणू नका. भीमाशंकर १९८५ पासून अभयारण्य आहे. तिथले रोप काढणे गुन्हा आहे, आणि काढलेले बहुधा खाली येऊन मरते.)

आता गोंधळ होतो तो इथेच. कोणीतरी सांगते की ऑर्किडला हिवाळ्यात पाणी बंद करा, म्हणजे फुलते. रानातल्या पानगळीच्या जातींना ते लागू आहे. पण रोपवाटिकेत मिळणारी जांभळी-पांढरी डेंड्रोबियम, सोनिया वगैरे नावांची, ही संकरित आहेत आणि उष्ण, दमट मुलखातल्या जातींपासून झालेली आहेत. त्यांची पाने हिवाळ्यात गळायची नसतात. ओळख सोपी आहे. फुले काडीच्या शेंड्याजवळून निघालेल्या लांब दांड्यावर आली असतील तर ते हे सदाहरित डेंड्रोबियम. फुले काडीच्या पेरापेराला चिकटून झुबक्याने आली असतील तर ते ताण मागणारे. ताईंचे पहिल्या प्रकारचे आहे. त्याला कडक उपास नको. थंडीत पाणी थोडे कमी, एवढे पुरे.

मग ते फुलत का नाही? दहापैकी आठ घरांत कारण एकच असते, उजेड. फूल पाहण्यासाठी कुंडी घरात आणली जाते आणि फुले गेल्यावरही ती दिवाणखान्यात टीव्हीशेजारीच राहते. तिथे पाने छान गडद हिरवी होतात आणि आपण समजतो की झाड तृप्त आहे. गडद हिरवे पान ही या झाडाची तक्रार आहे. पान पोपटी, किंचित पिवळसर झाकेचे हवे. पूर्वेकडचे, सकाळचे तीन-चार तासांचे ऊन त्याला मानवते. दुपारचे चैत्र-वैशाखाचे ऊन मात्र पान भाजते, तेव्हा निम्मी सावली देणारी हिरवी जाळी वर हवी. पत्र्याखाली अगदी लगत टांगू नका, मे महिन्यात तिथे भट्टी असते. आणि इतके दिवस घरात असलेली कुंडी एकदम उन्हात नेऊ नका. ओट्यावर, मग जाळीखाली, असे पंधरा दिवस काढा.

दुसरे कारण ताईंनी स्वतःच लिहिले आहे. फुले गेल्यावर दोन काड्या उघड्या पडल्या, त्या त्यांनी बुडातून कापल्या. ऊस तोडणाऱ्या हाताला असेच वाटणार. ऊस तुटला की बुडातून खोडवा जोमाने येतो, मग हेही येईल. पण उसाची कांडी आपण नेतो ती साखर घेऊन, तर या झाडाची काडी हे त्याचे स्वतःचे कोठार आहे. तीत पाणी आहे, अन्न आहे, आणि तिच्या वरच्या पेरांवरच्या डोळ्यांतून पुढच्या वर्षी पुन्हा दांडा येऊ शकतो. पान नसलेल्या जुन्या काडीलाही फुले आलेली मी पाहिली आहेत. तेव्हा वाळलेला फुलांचा दांडा तेवढा कापा, काडी ठेवा. काडी पूर्ण पिवळी, पोकळ, वाळकी झाली तरच काढा, आणि सुरी प्रत्येक वेळी ज्योतीवर तापवून घ्या. नवी फूट आपल्यामागच्या तीन-चार काड्यांच्या जिवावर वाढते. त्या नसतील तर फूट तोकडी राहते, आणि तोकड्या काडीला फूल येत नाही. ताईंचे तसेच झाले असावे. त्याची भरपाई एका हंगामात होत नाही, दोन लागतील.

मातीबद्दल मी काय सांगू? माझे स्वतःचे पहिले झाड मी मातीत लावले होते, वर मूठभर चांगले कुजलेले शेणखत. शेतकऱ्याच्या घरात दुसरे काय सुचणार? श्रावणात बुडाशी काळे पडले, आणि बोट लावताच काडी सुटून हातात आली. या मुळांना हवा लागते. कुंडीत लोणारी कोळशाचे खडे, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे, बस्स. सोडण आधी चार दिवस पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, म्हणजे त्यातला क्षार व लाल रंग जातो. कुंडी लहान आणि भरपूर भोकांची. मोठ्या कुंडीत झाड सुखावत नाही, आत ओल कोंडते. काड्या उंच झाल्या आणि कुंडी कलंडू लागली तर ती कुंडी एका जड कुंडीत उभी करा. कुंडी बदलायची ती बुडाशी नवी फूट आणि तिच्या पायाशी मुळांची हिरवी टोके दिसू लागली की. फुलात असताना कधीच नाही.

पाणी किती, हे मुळेच सांगतात. कोरडे मूळ चांदीसारखे पांढरट दिसते, भिजले की हिरवे होते. हिरवे असेल तर पाणी नको, पांढरे असेल तर भरपूर द्या आणि निथळू द्या. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा, तेव्हा रोज सकाळी, क्वचित दोनदा. पावसाळ्यात सलग भिजू देऊ नका. नव्या फुटीच्या पोंग्यात पाणी साचले की ती कुजते. थंडीत दोन-तीन दिवसांनी, सकाळीच, म्हणजे रात्रीपर्यंत अंग कोरडे होते. बोअरचे जड पाणी शक्यतो नको, मुळांवर पांढरी खरवड धरते. पावसाचे पाणी उत्तम, मात्र कारखान्यांच्या पट्ट्यात पत्र्यावरची पहिली दोन-तीन पावसे धूळ धुऊन जाऊ द्या. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१९ च्या अखेरीस दिवसाआड पाणी सुरू झाले, तेव्हा घरोघरी पिंपे भरून ठेवणे आले. या झाडाला तसे एक रात्र निवलेले पाणी चांगलेच.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा १० अंशांच्या खाली उतरतो. या मंडळींना १५ च्या वर बरे वाटते. गारठ्याच्या रात्री कुंडी पडवीत भिंतीशी घ्या, नाहीतर पाने गळतील आणि तुम्हाला वाटेल की पाणी कमी पडले.

खत तुमच्या घरात आहेच. ठिबकसाठी आणलेले १९:१९:१९. पण हात आवरा. लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा, तेही नवी फूट वाढत असताना. फूट पुरी वाढून शेंड्याची पाने मिटली, म्हणजे पुढे नवे पान येणे थांबले, की नत्र कमी करून ०:५२:३४ किंवा १३:०:४५ त्याच मापाने. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढा. नत्र जास्त झाले तर दांड्याऐवजी काडीच्या शेंड्याला पिल्लू फुटते. वाईट नाही म्हणा. त्याची मुळे दोन-तीन इंच झाली की काढून वेगळे लावा, शेजारणीला द्या. पण फूल गेले ते गेलेच.

पिठ्या ढेकूण आणि खवले कीड तुम्ही ओळखता. साबणाच्या पाण्यात कापूस भिजवून पुसून काढा, दोन कुंड्यांसाठी पंप पाठीला लावायचे कारण नाही. पावसाळ्यात गोगलगायी रात्री येऊन मुळांची कोवळी टोके खातात. कंदील घेऊन हाताने वेचणे हाच उपाय.

एक गोष्ट जाता जाता, कारण तशीही दोन पत्रे आली आहेत. एक कुंडी फुलली म्हणून अर्धा एकर शेडनेट घालून डेंड्रोबियम लावावे का? तळेगाव-मावळाकडे गुलाब आणि जरबेरा पॉलिहाऊसमध्ये चांगले रुजले, ते खरे. पण या ऑर्किडला बारमाही दमट ऊब लागते. केरळात ती आहे, थायलंडात आहे आणि तिथूनच ही फुले बाजारात येतात. ऑर्किडचे राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९६ मध्ये निघाले तेही सिक्कीममध्ये, पाक्योंगला. आपला उन्हाळा कोरडा आणि हिवाळा थंड, त्या दोन्हींशी झगडायला पैसा पडतो. रोपे विकणारा एकरी उत्पन्नाचा कागद दाखवील आणि फुले मीच परत घेईन म्हणेल. त्याच्या जुन्या दोन-तीन गिऱ्हाइकांच्या शेडमध्ये स्वतः जाऊन उभे राहिल्याशिवाय दागिना मोडू नका. घरच्या ओट्यावरच्या चार कुंड्यांचा हिशेब वेगळा आहे.

तर ताई, आत्ता असे करा. कुंडी पूर्वेच्या ओट्यावर न्या. उरलेल्या एकाही काडीला सुरी लावू नका. बुडाशी जी फूट आहे तिची उंची भिंतीवर पेन्सिलने खूण करून ठेवा, महिन्याला एक खूण. ती मागच्या काडीच्या बरोबरीला आली की समजा, झाड सावरले. पावसाळा सरताना, दिवाळीच्या आसपास, शेंड्याच्या पेरापाशी हिरवे टोक दिसण्याचा संभव अधिक. ते मूळ आहे की दांडा, हे आठ दिवसांत कळते. पिल्लाचे मूळ बोथट असते, दांडा टोकदार. दांडा असेल तर कुंडी फिरवू नका, जागा बदलू नका, नाहीतर कळ्या वाकड्यातिकड्या होतात किंवा गळतात. आणि त्याच दिवसांत सीताफळे निघतात. पिकत घातलेली सीताफळे किंवा केळी असतील तर ती दुसऱ्या खोलीत ठेवा. पिकणाऱ्या फळांतून जो वायू निघतो त्याने उमललेली फुलेसुद्धा दोन दिवसांत मिटतात. मुलगा आणि सूनबाई पाहायला येईपर्यंत तरी ती टिकायला हवीत.